अहवालात 'संरक्षक जनुक' आलं म्हणून निर्धास्त राहायचं का?

तुम्ही विचारलंय की आईला एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) आहे, तुमच्या जनुकीय अहवालात 'एचएलए-ए*०२:०१, संरक्षक' असं आलंय, तर आता काळजी सोडायची का? आणि तपासणी न केलेल्या भावालाही ते मिळालं असेल का?

काळजी जरूर कमी करा, पण या शब्दाच्या भरवशावर नको. माझ्याकडेही हेच ए-०२ आहे, आणि मला एमएस होऊन अकरा वर्षं झाली.

'संरक्षक' म्हटलं की लस टोचल्यासारखं वाटतं. तसं नाही. एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं इतर प्रथिनांचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, दाखवतात. कोणता तुकडा नीट धरला जाईल, हे तुमच्याकडे कोणता प्रकार आहे त्यावर ठरतं. एमएसचा या भागाशी संबंध १९७२ पासून माहीत आहे. डीआरबी१*१५:०१ हा दुसरा एचएलए प्रकार असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, ए*०२:०१ असेल तर सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. माझ्यात दोन्ही आहेत. शिवाय २०१९च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एमएसशी जोडलेल्या २३३ जागा सापडल्या. तुमच्या अहवालातली ओळ त्यातली एक.

भावाचं म्हणाल तर प्रत्येकाला एचएलए जनुकांचा आईकडून एक संच मिळतो, वडिलांकडून एक. तुमचं ए-०२ दोघांपैकी एकाच्याच एका संचात असेल, तर भावाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. तुमचे आणि त्याचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक. पण खरा दिलासा वेगळाच आहे: आई किंवा वडिलांना एमएस असलेल्या शंभर मुलांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना तो होतच नाही, जनुक तपासा वा न तपासा. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण चारात एक एवढंच आहे.

संरक्षण फुकट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. टीवायके२ नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे त्याच्या प्रथिनात एका जागी प्रोलीन या घटकाऐवजी ॲलनीन येतं, त्याने एमएससकट अनेक स्वयंप्रतिकार आजारांचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांचा) धोका कमी होतो. पण दोन्ही प्रती तशा असतील तर माणूस क्षयरोगाला सहज बळी पडतो. प्रतिकारशक्तीचा एक हात आखडला की दोन्हीकडे परिणाम होणारच.

जे आपल्या हातात आहे त्याबद्दल जास्त बोलायला हवं. एका स्वीडिश अभ्यासात डीआरबी१*१५ असलेल्या आणि ए-०२ नसलेल्या लोकांचा धोका, डीआरबी१*१५ नसलेल्या, ए-०२ असलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत, ४.९ पट निघाला. तेच लोक धूम्रपान करत असतील तर १३.५ पट! भाऊ सिगारेट ओढत असेल तर जनुक तपासणीचे पैसे वाचवा आणि आधी ती सोडवा.

माझी सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. डोळा फिरवला की दुखायचा, आणि बाटलीचं लाल झाकण त्या डोळ्याने विटकं, धुवट दिसायचं. उजव्याने तेच झाकण लालभडक. तेव्हा हा अहवाल हातात असता तर 'मला कसा होईल' म्हणत मी आणखी महिना घालवला असता. तुम्हाला किंवा भावाला असं दिसलं, किंवा हातापायाचा बधिरपणा एका दिवसापेक्षा जास्त टिकला, तर थेट न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि आईला एमएस आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.