डब्ल्यूपीएफच्या (विंडोजवरची अ‍ॅप्स बनवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) कॉम्बोबॉक्समध्ये, म्हणजे उघडणाऱ्या निवड-यादीत, वाणसामान वर्गवार (धान्य, डाळी, मसाले) दाखवायचंय, पण वर्गाचं शीर्षकच येत नाही. काय राहिलं असेल?

बहुधा ग्रुपस्टाइल, म्हणजे गट कसे दिसावेत ते सांगणारी मांडणी, राहिली आहे. यादीचे गट पाडणं आणि ते पडद्यावर दाखवणं ही डब्ल्यूपीएफमध्ये दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं झालं तरी दुसरं आपोआप होत नाही.

गटांसाठी विंडोच्या रिसोर्सेसमध्ये कलेक्शनव्ह्यूसोर्स (यादीचा गट-क्रम लावलेला वेगळा व्ह्यू देणारा घटक) ठेवा, त्याच्या ग्रुपडिस्क्रिप्शन्समध्ये प्रॉपर्टीग्रुपडिस्क्रिप्शन घाला आणि प्रॉपर्टीनेममध्ये वस्तूचा वर्ग (धान्य, डाळी...) सांगणाऱ्या प्रॉपर्टीचं नाव द्या. कॉम्बोबॉक्सचा आयटम्ससोर्स या सोर्सला बांधा. मूळ यादीच्या डीफॉल्ट व्ह्यूवर गट पाडू नका, कारण तीच यादी वापरणारी बाकीची कंट्रोल्सही तोच व्ह्यू वापरतात.

मग कॉम्बोबॉक्सच्या ग्रुपस्टाइलमध्ये हेडरटेम्प्लेट (शीर्षकाचा साचा) लिहा. इथे बरेच जण वस्तूच्या वर्ग सांगणाऱ्या प्रॉपर्टीला बाइंडिंग (जोडणी) करतात आणि शीर्षक कोरं येतं. हेडरच्या हाती तुमची वस्तू नसते, गट असतो. म्हणून बाइंडिंग 'नेम'ला करायचं. गटात किती वस्तू आहेत ते 'आयटमकाउंट' सांगतो.

वर्ग ज्या क्रमाने यादीत पहिल्यांदा भेटतात त्याच क्रमाने गट लागतात. मसाल्याआधी धान्य हवं असेल तर वस्तूला वर्गक्रमाची आकडी प्रॉपर्टी द्या, सॉर्टडिस्क्रिप्शन्समध्ये आधी ती आणि नंतर वस्तूचं नाव लावा. झॅमलमध्ये (डब्ल्यूपीएफचे पडदे लिहायची भाषा) सॉर्टडिस्क्रिप्शन वापरायला विंडोजबेस असेंब्लीतली सिस्टिम.कंपोनंटमॉडेल नेमस्पेस जोडावी लागते.

वस्तू शीर्षकापेक्षा थोड्या आत सरकवायच्या असतील तर मार्जिन आयटमटेम्प्लेटमध्ये देऊ नका. यादी मिटल्यावर निवडलेली वस्तू दाखवायलाही तेच टेम्प्लेट वापरलं जातं, त्यामुळे चौकटीतलं नावही सरकतं. आयटमकंटेनरस्टाइलमध्ये पॅडिंग द्या. डावीकडे 16 पुरतं.

विंडो उघडताच पहिली वस्तू निवडलेली दिसेल. बिलाच्या फॉर्मवर हे फार घातक: लक्ष नसेल तर चुकीचा माल बिलात जातो. इजसिंक्रोनाइज्डविथकरंटआयटम 'फॉल्स' करा.

हजारभर वस्तू असतील तर यादी उघडायला वेळ लागतो, कारण कॉम्बोबॉक्स सगळ्या ओळी एकदम तयार करतो. आयटम्सपॅनलमध्ये व्हर्च्युअलायझिंगस्टॅकपॅनल (दिसणाऱ्या ओळीच तयार करणारं पॅनल) द्या आणि व्हर्च्युअलायझिंगपॅनलची इजव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग 'ट्रू' करा. ही सोय डॉटनेट 4.5 पासून आहे.