'रेप्लिकेशन'ला पडताळा म्हणावे का?

प्रश्न असा आहे: मानसशास्त्रावरच्या एका लेखाचे मराठी करताना 'रेप्लिकेशन'साठी, म्हणजे आधीचा प्रयोग पुन्हा करून निष्कर्ष तोच येतो का ते पाहण्यासाठी, 'प्रतिकृती' घ्यावे की 'पुनरावृत्ती'? आणि असे कितीतरी निष्कर्ष पुन्हा येतच नाहीत, त्या 'रेप्लिकेशन क्रायसिस'चे काय करावे?

'प्रतिकृती' बादच करा. दिवाळीत अंगणात मुले मातीचा रायगड करतात, ती प्रतिकृती. प्रयोगाची अशी प्रतिकृती नसते, प्रयोग पुन्हा करावा लागतो.

मग 'पुनरावृत्ती'? 'पुनरावृत्तीचे संकट' म्हटले की तेच संकट पुन्हा पुन्हा येते आहे असे वाटते. शिवाय स्मरणशक्तीच्या अभ्यासात हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट घोकून विस्मरणाचा आलेख काढला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. घोकण्याच्या किती पुनरावृत्त्या लागल्या, हेच तर तो मोजत होता. २०१५ साली ॲमस्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी तो प्रयोग नव्याने केला. दोघांपैकी एकाने स्वतः सुमारे ७० तास घोकंपट्टी केली आणि आलेख बराचसा तसाच आला. आता हे 'पुनरावृत्तीच्या प्रयोगाची पुनरावृत्ती' असे लिहून बघा!

माझे मत 'पडताळा'. गणिताच्या वहीत उत्तराखाली आपण ताळा करत असू, त्याच्याच जवळचा हा शब्द. पण मला तो आवडतो तो त्याच्या क्रियापदांमुळे. 'रेप्लिकेट केले' म्हटले की नुसता प्रयोग पुन्हा केला, की निष्कर्षही तोच आला, हे कळत नाही. इंग्रजीतही हा घोळ आहेच. मराठीत पडताळा *पाहतात* आणि तो *येतो* किंवा *येत नाही*. करणे वेगळे, होणे वेगळे.

उदाहरणार्थ, दातांत पेन धरले की चेहरा हसरा होतो आणि व्यंगचित्रे जास्त गमतीदार वाटतात, असा १९८८ सालचा एक गाजलेला प्रयोग होता. २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी त्याचा पडताळा पाहिला, आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांचा पडताळा पाहिला होता. मुळातल्या ९७ टक्के अभ्यासांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) परिणाम होता, पडताळ्यात तो ३६ टक्क्यांतच दिसला. बोधनिक, म्हणजे स्मृती, लक्ष, विचार यांवरचे, प्रयोग सामाजिक मानसशास्त्रातल्या प्रयोगांपेक्षा बरे टिकले. स्ट्रूपचा १९३५ सालचा प्रयोग घ्या. लाल शाईत 'निळा' लिहा आणि घरातल्या कुणालाही शाईचा रंग विचारा. अडखळतातच. पडताळा हमखास येतो.

आता आक्षेप. 'पडताळणी' म्हटले की जातीचा दाखला आणि कागदपत्रांचा गठ्ठा डोळ्यांसमोर येतो, हे खरे. म्हणून 'पडताळणी' कचेरीला राहू द्या, प्रयोगाला 'पडताळा' ठेवा. जसाच्या तसा प्रयोग केला तर 'तंतोतंत पडताळा', कल्पना तीच ठेवून पद्धत बदलली तर 'आशयाचा पडताळा'.

राहिला 'क्रायसिस'. 'पडताळ्याचे संकट' चालेल, पण मी 'पडताळ्याचा पेच' लिहीन. संकट वरून कोसळते. इथली गाठ संशोधकांनीच मारलेली आहे. सामान्यरूप मात्र सांभाळा: 'पडताळाचा' नव्हे, 'पडताळ्याचा'.