दाढ काढल्यावर खड्ड्यात अडकलेले अन्नकण कसे काढावेत?

पहिले 24 तास खड्ड्याला हात लावू नये आणि चूळही भरू नये, कारण तिथे साकळलेली रक्ताची गुठळी हीच खालच्या उघड्या हाडावरची मलमपट्टी असते. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून प्रत्येक जेवणानंतर ते त्या बाजूला हलकेच घोळवावे आणि जोराने न थुंकता बेसिनमध्ये नुसते गळू द्यावे. भाताचे शीत अडकलेले दिसले तरी काडीने किंवा पिनेने टोकरू नये (ही खोड अनेकांना असते). खड्ड्यातला पांढरट थर बहुधा पू नसून भरत आलेल्या जखमेचाच भाग असतो. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेदना ओसरण्याऐवजी वाढून ठणका कानापर्यंत जाऊ लागला, तर गुठळी निसटली असण्याची शक्यता असते. मग खड्डा दंतवैद्याकडूनच धुऊन घ्यावा.