७२ हजार आज, की अडीच हजार दरमहा?

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा. सकाळी शिंकांची माळ, नाक बंद, रात्री झोप नाही. तपासणीत धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची) अ‍ॅलर्जी निघाली. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायचे इम्युनोथेरपीचे थेंब सुचवलेत, तीन वर्षं. दरमहा २,५०० रुपये. एकरकमी भरले तर ९०,००० ऐवजी ७२,०००. सध्या गोळ्या आणि स्प्रेवर महिन्याला ९०० जातात. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडू का? क्लिनिक बिनव्याजी हप्तेही देतंय. यजमानांची बँकेत बदलीची नोकरी, महिन्याचा खर्च कर्जाच्या हप्त्यासकट ४५,०००. सासूबाईंना हे सगळंच थोतांड वाटतं. (एक वाचक, डोंबिवली)

ताई, थोतांड नाही. ज्याची अ‍ॅलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची, ही पद्धत १९११ पासूनची. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी तेव्हा गवताच्या परागांची इंजेक्शनं दिली होती. माइट्सवरच्या जिभेखालच्या गोळीला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ती गोळीला, थेंबांना नाही. म्हणून डॉक्टरांना एवढं विचारा: बाटलीत फक्त माइट्स आहेत, की तपासणीत पॉझिटिव्ह आलेलं सगळंच घातलंय? पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक गोष्टीचा त्रास होतोच असं नाही. मुलाला दमा असेल तर तो आटोक्यात आल्याशिवाय सुरुवात नको, आणि पहिला डोस दवाखान्यातच, नंतर अर्धा तास तिथेच बसून. वैद्यकातलं माझं बोलणं इथे संपलं.

आता पैसे. ही गुंतवणूक आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. गोळ्यांवर वर्षाला १०,८०० जातात. उद्या त्या पूर्ण बंद झाल्या तरी ९०,००० वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त लागतील. शिवाय गोळ्या लगेच बंद होत नाहीत, पहिले काही महिने दोन्ही खर्च सोबत चालतील. म्हणजे महिन्याला ३,४०० धरा. मुलगा रात्री झोपतो, शाळा बुडत नाही, यासाठी हा खर्च करायचा. माझ्या मते तो करण्यासारखा आहे.

पण एकरकमी नाही.

७२,००० भागिले २,५०० म्हणजे जवळजवळ २९ महिने. त्याआधी थेंब थांबले, तर सवलत घेणारा तोट्यात. आणि थेंब थांबतात हो. नेदरलँड्समधल्या औषध दुकानांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता: जिभेखालचं औषध सुरू केलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ७ जणांनी तीन वर्षं पुरी केली. इंजेक्शनवाले २३. थेंब घरी घ्यायचे, विचारणारं कुणी नाही, आणि जरा बरं वाटलं की बाटली फ्रिजमध्ये मागे सरकते. तुमच्याकडे वर बदलीची टांगती तलवार आहेच.

शिवाय वर्षभरात काहीच फरक पडला नाही तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात. तसं झालं तर दरमहा भरणाऱ्याचे ३०,००० गेलेले असतील, एकरकमीवाल्याचे ७२,०००. वर्षभरात थांबण्याची शक्यता दहात तीनपेक्षा जास्त वाटत असेल, तर हिशेबाने सवलत नाकारावी. शिवाय या बाटल्यांना मुदत असते, तीन वर्षांचा साठा आज हातात येणार नाही. हातात येईल ती पावती. (क्लासच्या दोन वर्षांच्या फीबद्दल मला दर जूनमध्ये हेच लिहावं लागतं.)

एफडीला हात लावू नका. दीड लाख म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा खर्च. ७२,००० काढले तर दोन महिन्यांचाही उरत नाही. बिनव्याजी हप्ते तर अजिबात नकोत. ते बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं; थेंब थांबले तरी हप्ता थांबत नाही.

मेडिक्लेमकडून फार आशा नको, साध्या पॉलिसीला दाखल होणं लागतं. बँकेच्या कर्मचारी योजनेत घरी घेतलेल्या उपचारांची सोय आहे का, ते यजमानांनी लेखी विचारावं. आयकरात जुन्या पद्धतीतही सूट विम्याच्या हप्त्यावर मिळते, मुलाच्या औषधांच्या बिलावर नाही.

मग अडीच हजार आणायचे कुठून? पत्राच्या शेवटी तुम्ही गाडीसाठीच्या ४,००० च्या आरडीचा उल्लेख केलाय, ती डिसेंबरमध्ये संपतेय. पुढची १,५०० ची काढा. गाडी उशिरा येईल. त्याआधी या महिन्यातच गादी-उशीला माइट्स अडवणारी कव्हरं घाला आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. हा खर्च थेंब घेतले नाहीत तरी करायचाच आहे.

आणि रोजचे थेंब सासूबाईंच्या हवाली करा. त्यांचा विश्वास नसेल, पण नातवाचं औषध त्या एक दिवस चुकवणार नाहीत.