जेमतेम पास झालीस तरी पुरे

प्रश्न : मी वडोदऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला मला 52 टक्के गुण होते. सीए व्हायची इच्छा घरी सांगितली, तेव्हा बाबा मायेनेच म्हणाले, ‘‘पदवीपुरती जेमतेम पास झालीस तरी पुरे.’’ कोणालाच अपेक्षा नसताना मी त्यापुढे जाऊ शकेन का?

उत्तर : बाबांचे बोलणे तुला लागले, कारण त्यात राग नव्हता, रागावलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका शाळेत केलेला प्रयोग 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील, असे शिक्षकांना सांगण्यात आले होते; प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. तरीही वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतील प्रगती इतरांहून अधिक भरली. (वरच्या वर्गांत तसे दिसले नाही आणि निष्कर्षांवर पुढे बरेच वादही झाले.) मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते रोझेन्थाल यांचे स्पष्टीकरण : ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला अवघड धडा दिला जातो, उत्तर देण्याची संधी वारंवार मिळते आणि त्याची चूक नेमकी दाखवली जाते. तुला कौतुकाची नव्हे, याची उणीव आहे, आणि हे मागून मिळवता येते.

तुझ्याच शहरात 1875 मध्ये कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ गायकवाड राजघराण्यात दत्तक आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. एलियट यांच्यासारख्या शिक्षकांनी त्याच्याकडून कसून अभ्यास करून घेतला. हाच मुलगा पुढे महाराज सयाजीराव झाला; 1881 मध्ये कारभार हाती घेतलेल्या याच सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले.

सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, प्रत्येक विषयात किमान 40 आणि एकूण 50 टक्के लागतात. बारावीच्या गुणांची चर्चा आता सोड. लेखाशास्त्राच्या एखाद्या कडक शिक्षकांना गाठ आणि उत्तरपत्रिका काटेकोरपणे तपासण्याची विनंती कर. पहिले गुण फार कमी आले, तर ते नातेवाइकांना सांगण्याची गरज नाही. चुका मात्र वहीत उतरव. बाबांना पटवून देत बसू नकोस. त्यांच्याकडे एवढेच माग, की दर रविवारी तू सरावाची प्रश्नपत्रिका सोडवत असताना त्यांनी घड्याळ लावून तीन तास समोर बसावे.