फळ वाकडे, म्हणजे पालाशच कमी?

प्रश्न : दुधीची फळे देठाकडे बारीक, टोकाला फुगीर येतात, काही वाकडी होतात. जमीन मुरमाड, पाणी ठिबकने. दुकानदार म्हणतो पोटॅश वाढवा. किती द्यावे?

उत्तर : पोते फोडण्याआधी वेलाची खालची पाने पाहा. पालाश (म्हणजेच पोटॅश) कमी पडला की वेल तो जुन्या पानांतून काढून शेंड्याला व फळांना पुरवतो. त्यामुळे जुन्या पानांची कड आधी पिवळी पडते, मग तपकिरी होऊन करपते. मधला भाग बराच काळ हिरवा राहतो. पानातली साखर फळापर्यंत नेण्यात पालाशचा मोठा हात असतो, म्हणून अशा वेलावरची फळे नीट पोसत नाहीत.

खालची पाने निरोगी असतील, तर वाकडेपणाचे कारण बहुधा अपुरे परागीभवन. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. त्याच वेळी कीटकनाशक फवारले, तर परागीभवन करणारे कीटक येणार कुठून? नर फूल तोडून मादी फुलावर (ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो) हलके फिरवा. वाकड्या फळावर डिंकाचा थेंब दिसला, तर मात्र ती फळमाशी. तिथे पोटॅशचा उपयोग नाही.

आता मात्रा. शिफारस हेक्टरी 100:50:50 किलो नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश अशी आहे. म्हणजे एकरी 20 किलो पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश असतो, तेव्हा ते 33 किलो लागते. मुरमाड जमिनीत मात्र सगळे एकदम दिले, तर पाण्याबरोबर खाली झिरपते. निम्मे, साधारण 17 किलो, लागवडीला द्या. उरलेल्यासाठी फुले लागल्यावर ठिबकमधून 0:0:50 (सल्फेट ऑफ पोटॅश, यात 50 टक्के पालाश) एकरी आठवड्याला 4 किलो, पाच वेळा. त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट टाकू नका. जिप्सम तयार होऊन ड्रिपर बुजतात. पालाशचा अतिरेक झाला, तर मॅग्नेशियम उचलले जात नाही. मग जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा दिसतो.

प्रश्न : कारल्याला जमिनीतून पालाश न देता 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट, 45 टक्के पालाश) फवारले तर चालेल?

उत्तर : हिशेब करा. लिटरला 5 ग्रॅम, एकरी 200 लिटर पाणी, म्हणजे खत 1 किलो आणि त्यात पालाश 450 ग्रॅम. गरज 20 किलोची! फवारणी तात्पुरती मदत करते, जेवणाची जागा घेत नाही. भारी काळ्या जमिनीत आधी माती तपासा. उपलब्ध पालाश हेक्टरी 280 किलोंच्या वर असेल, तर मात्रा कमी करता येते. तरीही जमीन कोरडी पडली, तर असलेला पालाश मुळांपर्यंत पोचत नाही. वाफसा, म्हणजे मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतील अशी स्थिती, टिकवा.

प्रश्न : चुलीची राख चालते का?

उत्तर : परसातल्या वेलाला, आळ्यात मूठभर, चालते. चुनखडीच्या जमिनीत नको, कारण राख सामू (pH) आणखी चढवते. युरियात तर कधीच मिसळू नका. नत्र अमोनिया होऊन उडून जाते.