गोरा गळा, काळं गाणं

प्रश्न : ताई, 'ब्लू-आइड सोल' म्हणजे नक्की काय हो? गोऱ्यांनी गायलेलं सोल खरं सोल मानायचं का? मित्र म्हणतो, नाही; त्याच्याशी यावरून जाम वाजलंय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं गाणं; निळ्या डोळ्यांचं सोल म्हणजे तेच गोऱ्यांनी गायलेलं, बस. १९६४च्या सुमारास फिलाडेल्फियातला कृष्णवर्णीय रेडिओ डीजे जॉर्जी वुड्स याने रायटियस ब्रदर्स या गोऱ्या गायक-जोडीसाठी हे नाव रूढ केलं असं सांगतात, कारण नुसतं ऐकून लोकांना ते दोघं काळेच वाटायचे.

आता खरं-खोटं. गायिका डस्टी स्प्रिंगफिल्ड बघा, लंडनची गोरी पोरगी, १९६५ला ब्रिटिश टीव्हीवर मोटाउन या काळ्या गायकांसाठी गाजलेल्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांचा खास कार्यक्रम तिनेच होस्ट केला, आणि १९६९च्या 'डस्टी इन मेम्फिस' या अल्बममध्ये ती ओरडत नाही, जवळजवळ कुजबुजते, आणि तरी काटा येतो अंगावर. (गंमत म्हणजे मेम्फिसला वाद्यं वाजली, तिचा फायनल आवाज रेकॉर्ड झाला न्यूयॉर्कला!) उलट बाजूही आहे बरं का, १९६७ला अमेरिकेतल्या मसल शोल्स गावी काळी सोल-गायिका अरेथा फ्रँकलिनच्या मागे वाजवणारी रिदम सेक्शनची (ड्रम, बास वगैरे) पोरं गोरीच होती.

पण मित्राचं अगदीच चूक नाही. गायक बॉबी कॉल्डवेल गोरा आहे हे कळू नये म्हणून १९७८च्या त्याच्या पहिल्या अल्बमवर कंपनीने फोटोऐवजी नुसती सावलीसारखी आकृती छापली. गोरी गायिका टीना मरीचंही तेच, १९७९ला मोटाउनने काढलेल्या पहिल्या रेकॉर्डवर तिचा चेहराच नाही. म्हणजे विकणाऱ्यालाच धाकधूक होती. आणि गाणं चर्चमधून, काळ्या वस्तीतून आलेलं असताना पैसा भलत्याच्याच खिशात गेला, हा राग खराच आहे की.

मी स्वतः डस्टीला सोलच म्हणते. मित्राला आधी डोळे मिटून ऐकवा, नाव नंतर सांगा.